गाडी तापते, पण नेमकी कधी?

एप्रिल-मे महिन्यांत शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली, की खोपोली ते लोणावळा या टप्प्यात बॉनेट उघडलेल्या गाड्या रस्त्याच्या कडेला उभ्या दिसतात. कुणी बाटलीने रेडिएटरवर पाणी शिंपडत असतं, कुणी फोनवर मेकॅनिकला हाका मारत असतं. दोष घाटाला दिला जातो. खरं तर बिघाड बहुतेक वेळा घरूनच सोबत आलेला असतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनावर भार पुरेपूर, आणि वेग कमी म्हणून समोरून वारा जवळजवळ नाही, अशी दुहेरी परीक्षा घाटात होते आणि झाकलेला बिघाड उघडा पडतो. कूलिंग धड असलेली गाडी भर उन्हात, एसी लावून, हाच घाट चढून जाते.

गाडी तापली की गॅरेजमध्ये अनेकदा अंदाजाने सुटे भाग बदलत जायचं सत्र सुरू होतं. आज कॅप, उद्या थर्मोस्टॅट, परवा रेडिएटर. हे टाळायचं असेल तर दोन प्रश्नांची उत्तरं मालकाकडे हवीत. गाडी नेमकी कधी तापते? आणि पाणी कमी होत असेल तर ते जातं कुठे? ही दोन उत्तरं गाडी रोज चालवणाऱ्यालाच देता येतात.

आत काय चालतं

पंप इंजिनातलं कूलंट फिरवत ठेवतो. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट, म्हणजे गॅरेजच्या भाषेतला ‘वॉल्व्ह’, रेडिएटरकडची वाट बंद ठेवतो. कूलंट साधारण ८२ ते ९० अंश सेल्सिअसला पोचलं की तो उघडायला लागतो. गरम कूलंट रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जातं, समोरचा वारा किंवा पंखा त्याला थंड करतो आणि ते पुन्हा इंजिनात येतं.

सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे रेडिएटरची कॅप. तिचं काम प्रेशर कुकरच्या शिटीसारखं आहे: आत ठरावीक दाब धरायचा, जास्त झाला की सोडायचा. साधं पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळतं, महाबळेश्वरच्या उंचीवर ९५-९६ लाच. निम्मं पाणी आणि निम्मं कूलंट असेल तर उकळबिंदू सात-आठ अंशांनी वाढतो. त्यावर कॅपने एक बारच्या आसपास दाब धरला, की तो १२५ अंशांच्या पुढे जातो. कॅपचं रबर कडक झालं की हा सगळा फायदा गेला. पंप, पंखा, रेडिएटर सगळं ठीक असूनही घाटात पाणी उकळून रेडिएटरला जोडलेल्या कूलंटच्या बाटलीतून बाहेर पडतं. काही शे रुपयांची ही कॅप कुठलाही मोठा खर्च करण्याआधी तपासून घ्यावी.

काटा चढायला लागला तर

काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकताना दिसला की आधी एसी बंद करा. काचा खाली घ्या, हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि ब्लोअर जोरात सोडा. मे महिन्यात हे ऐकायलाही नको वाटतं, पण हीटर इंजिनाच्या गरम कूलंटवरच चालतो, त्यामुळे इंजिनाची थोडी उष्णता त्या वाटेने बाहेर पडते. मिनिट-दोन मिनिटांत काटा खाली आला नाही तर सुरक्षित जागा बघून थांबा.

इथे हीटर निदानालाही उपयोगी पडतो. इंजिन तापलेलं आहे आणि हीटरमधून मात्र गार हवा येतेय, असं झालं तर कूलंट तिथवर पोचतच नाही. एकतर ते फार कमी झालंय, नाहीतर पंप फिरवत नाही. अशा वेळी एक मीटरही पुढे जाऊ नये.

लाल दिवा लागला किंवा बॉनेटमधून वाफ आली तर प्रयोग करत बसू नका. गाडी डावीकडे घ्या, इंजिन बंद करा, पार्किंगचे चारही दिवे लावा, मागे त्रिकोण ठेवा. एक्सप्रेस वेवर असाल तर सगळ्यांनी उतरून कठड्यापलीकडे उभं राहावं. आजकालच्या बऱ्याच गाड्यांत काटा नसतोच. इंजिन थंड असताना निळा आणि तापल्यावर लाल, एवढेच दिवे असतात. म्हणजे लाल दिवा दिसतो तेव्हा वेळ आधीच संपत आलेली असते.

काटा एकदम खाली कोसळला तर हायसं वाटून घेऊ नका. कूलंट निघून गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन आत भाजत असताना मीटर ‘थंड’ दाखवू शकतो.

पुढचा पाऊण तास काही करायचं नसतं, फक्त थांबायचं असतं. रेडिएटरची कॅप गरम असताना उघडली तर उकळतं कूलंट तोंडावर उडतं. दाबामुळे न उकळलेलं पाणी दाब सुटताक्षणी वाफ होऊन बाहेर येतं, म्हणून ते भाजणं साध्या गरम पाण्यापेक्षा वाईट. अनेक नव्या गाड्यांत रेडिएटरला कॅप नसते आणि दाब बाटलीच्या झाकणावरच असतो. तेव्हा ‘बाटलीच आहे, उघडूया’ असंही करू नका. रेडिएटरचा वरचा होज पाइप जाड फडक्यातून दाबून बघा. तो कडक लागत असेल तर आत अजून दाब आहे. मऊ आणि कोमट झाल्यावर फडकं धरून कॅप आधी थोडी सैल करा, फुस्स आवाज पूर्ण थांबू द्या, मग काढा.

तापलेल्या इंजिनावर वरून थंड पाणी ओतू नका आणि रेडिएटरमध्येही एकदम भरू नका. सिलिंडरवरचं ॲल्युमिनियमचं हेड अचानक आकसतं आणि तडकू शकतं. इंजिन निवल्यावर पाणी हळूहळू भरा, गाडी सुरू करा, पातळी उतरली तर पुन्हा भरा. पाणी टिकलं आणि काटा जागेवर राहिला, तर एसी न लावता सावकाश जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येईल. भरलेलं पाणी खालून वाहून गेलं किंवा काटा पुन्हा चढला, तर टोचन लावूनच न्या. ‘दोन किलोमीटरवर तर गॅरेज आहे’ म्हणून चालवलेली गाडी तिथे पोचेपर्यंत हेड वाकवून बसते. टोचनचे पैसे हेडच्या कामापुढे काहीच नाहीत.

पहिला प्रश्न: कधी तापते?

*सिग्नलला तापते, पळायला लागली की निवते.* संशय पंख्यावर. गाडी पळताना वारा आपोआप मिळतो, थांबल्यावर सगळी भिस्त पंख्यावर असते. जोडीला आणखी एक खूण दिसते: सिग्नलला एसी गार करत नाही आणि वेग घेतला की पुन्हा गार होतो. एसीचा कंडेन्सरही त्याच पंख्याच्या वाऱ्यावर असतो. तपासणी घरीच होते. सकाळी गाडी सुरू करा, एसी लावा आणि बॉनेट उघडून बघा. बहुतेक गाड्यांत थोड्याच वेळात पंखा फिरायला हवा. नाही फिरला तर फ्यूज, रिले, कनेक्टर आणि शेवटी मोटर, या क्रमाने बघायला सांगा. रिलेसाठी अख्खी फॅन असेंब्ली बदलली गेल्याची उदाहरणं कमी नाहीत. हात मात्र लांब ठेवा. चावी काढल्यावरही काही गाड्यांत पंखा अचानक सुरू होतो.

*शहरात ठीक, हायवेवर तापते.* इथे वारा भरपूर आहे, म्हणजे पंख्याकडे बोट दाखवायला जागा नाही. कूलंट पुरेसं फिरत नाही किंवा रेडिएटर उष्णता बाहेर टाकत नाही. रेडिएटर दोन प्रकारे चोंदतो. आतून, वर्षानुवर्षं बोअरचं जड पाणी भरल्याने नळ्यांत बसलेल्या क्षारांनी. आणि बाहेरून, कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत साचलेल्या धूळ, किडे, कचऱ्याने. समोरून बघितलं तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो, आणि मागच्या रेडिएटरवर मातीचा थर असतो. कोकणातल्या कच्च्या रस्त्यांवर किंवा ऊसतोडीच्या दिवसांत शिवारातून फिरणाऱ्या गाड्यांनी हे वर्षातून एकदा साफ करून घ्यावं. धुताना पाण्याचा जोर कमी ठेवावा, नाहीतर फिन्स दुमडतात. ग्रिलसमोर लावलेले जादा दिवे, जाळ्या, मोठाल्या पाट्या वारा अडवतात. त्या आधी काढून बघा.

रेडिएटर आतून चोंदलाय का, हे गॅरेजमध्ये लांबून तापमान मोजणाऱ्या इन्फ्रारेड थर्मामीटरने कळतं. गरम रेडिएटरवर ठिकठिकाणी धरल्यावर एखादा पट्टा बाकीच्यापेक्षा बराच गार आला, तर तिथल्या नळ्या बंद आहेत. कोविडच्या काळात घरोघरी आलेली कपाळावर धरायची थर्मामीटर मात्र इथे चालत नाहीत. ती माणसाच्या अंगाचा ताप मोजण्यासाठीच बनवलेली असतात.

*सुरू केल्यावर थोड्याच वेळात तापते.* पाणी पुरेसं असेल तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकल्याचा दाट संशय घ्यावा. इंजिन गरम होऊनही रेडिएटरचा होज पाइप गारच राहतो. थर्मोस्टॅट काढलाच असेल तर तपासणी सोपी आहे. जुन्या पातेल्यात पाणी तापवा आणि त्यात तो दोऱ्याने टांगा. त्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे आणि गार झाल्यावर मिटला पाहिजे. पाणी उकळलं तरी उघडला नाही, तर तो गेला.

*काटा वरखाली नाचतो.* कूलंट कमी आहे किंवा आत हवा अडकली आहे. कूलंट नुकतंच बदललं असेल आणि डॅशबोर्डमागून गुळगुळ आवाज येत असेल, तर हा एअर लॉक. हवा नीट काढून पुन्हा भरायला सांगा.

*हायवेवर काटा नेहमीपेक्षा खालीच राहतो.* थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. गाडी तापत नाही म्हणून लोक सोडून देतात. पण थंड इंजिन पेट्रोल जास्त पितं आणि झिजतंही जास्त. स्कॅनर लावला तर अशा वेळी बहुधा पी०१२८ हा कोड येतो. ब्लूटूथवर चालणारा साधा ओबीडी स्कॅनर घेतलात तर मोबाइलवर कूलंटचं तापमान अंशांत दिसतं. काटा नसलेल्या गाडीला याचा मोठा उपयोग. बहुतेक गाड्या ९० ते १०५ च्या दरम्यान चालतात. ११० च्या पुढे चढतच राहिलं तर थांबावं.

दुसरा प्रश्न: पाणी जातं कुठे?

कूलंट पेट्रोलसारखं खर्च होत नाही. बंद व्यवस्थेत तेच तेच फिरत असतं. वर्षभरात पातळी किंचित उतरली तर हरकत नाही, पण दर महिन्याला भरावं लागत असेल तर ‘गाडी पाणी खाते’ म्हणून भरत राहणं ही दुरुस्ती नव्हे.

पातळी सकाळी, इंजिन थंड असताना बघायची. बाटलीवरच्या दोन खुणांच्या मध्ये ती हवी. जुन्या पद्धतीच्या गाडीत रेडिएटरची कॅप काढून आतही बघा. कॅपचा उलटा वॉल्व्ह बिघडला किंवा बाटलीकडे जाणारी नळी चिरली, तर गरम कूलंट बाटलीत जातं पण थंड झाल्यावर परत ओढलं जात नाही. बाटली काठोकाठ आणि रेडिएटर अर्धा रिकामा, असा चकवा त्यातून होतो.

मग गळती शोधा. रात्री गाडीखाली पुठ्ठा किंवा वर्तमानपत्र पसरून ठेवा आणि चाकं कुठे आली ते त्यावर खुणा करून ठेवा. सकाळी डाग कुठल्या बाजूला पडलाय ते बघा. एसी लावून आल्यावर गाडीखाली पडणारं पाणी रंगहीन, बिनवासाचं असतं आणि वाळल्यावर मागे काही राहत नाही. त्याची काळजी नको. कूलंटला रंग असतो, बोटांना ते बुळबुळीत लागतं आणि त्याला गोडसर वास येतो. चव मात्र घेऊ नका. यातलं एथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड असल्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात. सांडलेलं कूलंट भरपूर पाण्याने धुऊन टाका.

गरम इंजिनावर पडलेला थेंब खाली पोचण्याआधीच वाळतो, म्हणून पुठ्ठा कोरडा राहिला तरी तपास संपत नाही. टॉर्च घेऊन वाळलेल्या कूलंटचे पांढरट, गुलाबी किंवा हिरवट ओघळ शोधा. होज पाइपच्या क्लिपांजवळ, रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी ॲल्युमिनियमला जोडली जाते त्या सांध्यावर आणि पंपाखालच्या बारीक भोकाजवळ. पंपाचं सील गेलं की पहिली खूण याच भोकातून मिळते. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली आसरा घेतात आणि पाइप कुरतडतात, तेही बघा.

सीएनजी गाडीत आणखी एक जागा तपासा. टाकीतला गॅस सुमारे २०० बार दाबावरून खाली येताना प्रचंड गार होतो, म्हणून रिड्यूसर गोठू नये यासाठी त्यातून इंजिनाचं गरम कूलंट फिरवलेलं असतं. बाहेरून किट बसवलेल्या गाडीत या पाइपांचे जोड नंतर केलेले असतात, आणि गळती पुष्कळदा तिथेच निघते.

पायाशी डाव्या बाजूचं कारपेट चिकट-ओलं, आत गोडसर वास आणि समोरच्या काचेवर आतून तेलकट धुकं, असं त्रिकूट दिसलं तर हीटरचा कोअर गळतोय. आपल्याकडे हीटर क्वचित लावला जातो, त्यामुळे हा संशय कुणाला येतच नाही.

तरीही काही सापडलं नाही तर प्रेशर टेस्ट करायला सांगा. हातपंपाने कॅपवर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरून पंधरा मिनिटं ठेवायची. दाब उतरला तर गळती नक्की, आणि बहुधा ती डोळ्यांसमोर ठिबकायलाही लागते.

हेड गॅस्केट गेलंय का?

दाब उतरतो पण बाहेर थेंब नाही, म्हणजे कूलंट इंजिनाच्या आत जातंय आणि संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे हेडखालच्या सीलवर, येतो. खुणा अशा: इंजिन पूर्ण गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर. थंड गाडी सुरू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांतच होज पाइप दगडासारखा कडक. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे. ऑइल दुधाळ. यातली एकच खूण बघून निष्कर्ष काढू नका. थंडीच्या सकाळी सुरुवातीला पांढरी वाफ निघणं साहजिक आहे, आणि पावसाळ्यात रोज फक्त दोन-तीन किलोमीटर चालणाऱ्या गाडीच्या ऑइल कॅपखाली बाष्पामुळे थोडा दुधाळ थर जमतोच. डिपस्टिकवरचं ऑइलही तसंच असेल तर मात्र प्रकरण गंभीर.

खात्री करायला ब्लॉक टेस्ट असते. रेडिएटरच्या तोंडावर निळं रसायन असलेली नळी धरून आतली हवा त्यातून ओढतात. कूलंटमध्ये सिलिंडरचे वायू शिरत असतील तर निळा रंग पिवळा होतो. हेड उघडण्याचा खर्च मान्य करण्याआधी ही टेस्ट मागा. आणि हेड उघडलंच तर नुसतं गॅस्केट बदलून बंद करू देऊ नका. हेड सपाट आहे का हे मोजून, गरज असेल तर फेसिंग करूनच, म्हणजे घासून सपाट करूनच, बसवायला सांगा. नाहीतर नवं गॅस्केटही उडतं.

कुठलं कूलंट, कुठलं पाणी

‘आपल्याकडे बर्फ कुठे पडतं, साधं पाणी चालतं’ हे मत अजून ऐकू येतं. कूलंट गोठणं थोपवतं हे खरं, पण महाराष्ट्रात त्याचं काम वेगळं आहे. ते उकळबिंदू वाढवतं, गंज रोखतं आणि पंपाचं सील सांभाळतं. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्याने यातलं काहीच होत नाही, वर क्षार बसतात. अडचणीत पिण्याच्या पाण्याची बाटली ओतली तर चालेल, पण नंतर ते काढून योग्य मिश्रण भरून घ्या.

रंगावर जाऊन कूलंट घेऊ नका. टोयोटाचं गुलाबी, होंडाचं निळं, बाजारातलं हिरवं; रंग कंपनी ठरवते, आतलं रसायन नव्हे. वेगळ्या जातीची कूलंटं मिसळली तर गंजरोधक निकामी होतात आणि कधीकधी गाळ धरतो. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं मानकच बघा. कॅनवर ‘रेडी टू यूज’ लिहिलं असेल तर पाणी घालायचं नाही. कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड वॉटर घालून सांगितलेल्या प्रमाणात पातळ करायचं. जुन्या पद्धतीचं कूलंट साधारण दोन वर्षांनी बदलावं लागतं, नव्या दीर्घायुषी प्रकारांना पाच वर्षं किंवा जास्तही मुदत असते.

गॅरेजमध्ये कशाला नाही म्हणायचं

पहिलं, ‘वॉल्व्ह काढून टाकू, गाडी थंड राहील.’ जुन्या गाड्यांत हे खपून जायचं. आजच्या अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाटही बंद करतो. तो काढला की बरंचसं कूलंट रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात येतं आणि गाडी चढावर उलट जास्त तापते.

दुसरं, गळती बुजवायला हळद किंवा बाजारातली पावडर. रानावनात अडकलेल्या ट्रकचालकाला ती एका रात्रीपुरती तारते. तुमच्या गाडीत ती रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्याही बुजवते.

तिसरं, पंखा थेट वायर जोडून सतत चालू ठेवणं. यात खरा बिघाड झाकला जातो आणि जाड वायर, फ्यूज यांची काळजी घेतली नसेल तर आगीचा धोका वाढतो.

गॅरेजमध्ये शिरताना ‘गाडी गरम होते’ एवढंच सांगू नका. कुठे तापते, किती वेळाने, एसी चालू असताना की बंद, पंखा फिरतो का, पाणी किती दिवसांत किती उतरतं, हे कागदावर लिहून द्या. चांगला मेकॅनिक तो कागद वाचूनच अर्धं काम उरकतो. आणि जो तो न वाचताच पाना उचलतो, त्याच्याकडून गाडी परत घ्या.

लांबच्या प्रवासाच्या आदल्या दिवशी, इंजिन थंड असताना, पातळी, कॅपचं रबर, होज पाइप आणि पंखा बघून घ्या. दहा मिनिटं लागतात. पातळी खाली गेलेली दिसली तर नुसतं भरून निघू नका. ते पाणी कुठे गेलं हे कळल्याशिवाय घाटाच्या वाटेला लागू नका.